कोतवाल बुकातला ताप

जातपडताळणीचं काम निघालं की आमच्या विदर्भातला माणूस आधी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममरणाच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल शोधत तहसिलीत जातो. पणजोबाच्या नावापुढे जात लिहिलेली असते, म्हणून त्या पिवळ्या, कडा झडलेल्या कागदांना आजही भाव आहे. आमच्या घरच्या अशाच एका कामासाठी जुन्या नोंदी पाहायला मिळाल्या. नाव, बापाचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. १९१८चा ऑक्टोबर लागतो आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द खाली खाली उतरत जातो : ताप. ताप. सदर. सदर. ताप. मला हवी होती ती नोंद सापडली होती, तरी मी पानं उलटत राहिलो.

हा ताप कोणता ते मला ठाऊक होतं. रामटेकात आमच्या घरी वडिलांची आत्या होती. तिला लहानथोर सगळे आत्याबाईच म्हणायचे. तिच्या तोंडी तो ‘मानमोडी’ म्हणून यायचा. तिचं सगळं पंचांग मानमोडीच्या अलीकडे आणि पलीकडे असं विभागलेलं होतं. गडावरचा कुठला झेंडा कधी बदलला, कुणाची गाय कधी व्याली, सगळं त्यावरून. मानमोडीच्या साली ती दहा-अकरा वर्षांची होती. लग्न झालेलं, पाठवणी व्हायची होती.

तिची गोष्ट पोळ्यापासून सुरू व्हायची. त्या साली पाऊस दगा देऊन गेलेला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोळा झाला, बैलांच्या पाठी हाताला टोचत होत्या. दुसऱ्या दिवशी मारबत निघाली आणि गावानं नेहमीप्रमाणे रोगराई घेऊन जा म्हणून बोंबलून घेतलं. “अन् पंधरा दिवसात तेच उलटून आलं पाय,” असं म्हणून ती हसायची. हे हसू आम्हा पोरांना कळायचं नाही.

मुंबईत हा आजार जूनमध्येच उतरला होता. गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आधी आजारी पडले, मग कचेऱ्या, गिरण्या. चार दिवस अंग मोडून यायचं आणि माणूस उठून कामाला लागायचा. लोकांनी त्याला युद्धज्वर म्हणून सोडून दिलं. सप्टेंबरात तो परत आला तेव्हा त्याचं रूपच वेगळं होतं. दोन दिवसांत फुप्फुसं भरत, ओठ निळे पडत. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं दगावली. तोवर रेल्वेनं तो आत, मध्य प्रांतात पोचवला होता. नागपूर म्हणजे मोठं जंक्शन, शेजारी कामठीची छावणी, तिथून कन्हानवरून रामटेकला येणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा फाटा. आणि वाटेवर मनसर. लढाईतल्या पोलादाला मँगनीज लागायचं, त्यामुळे मनसर-कांद्रीच्या खाणींना तेव्हा उसंत नव्हती. गाड्या भरून माल जात होता, गाड्या भरून मजूर येत होते. विषाणूला आणखी काय पाहिजे? अर्थात विषाणू हा शब्द मी आज वापरतोय. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला तो १९३३ साली, लंडनमध्ये. १९१८मध्ये जगातले मोठमोठे डॉक्टर भलत्याच जंतूच्या मागे लागले होते, तेव्हा रामटेकच्या वैद्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पितृपक्ष सरता सरता आमच्या घरात पहिला माणूस निजला. चार दिवसांत सगळे. आत्याबाई तेवढी उभी राहिली, का ते तिलाही सांगता यायचं नाही. ओसरीपासून माजघरापर्यंत अंथरुणंच अंथरुणं. हे सांगताना ती बोटानं जागा दाखवायची : इथं बापू, इथं आई, खांबापाशी थोरली वहिनी, तिच्या कुशीत तान्हं. चूल कशी पेटवायची ते ठाऊक होतं, पण पाण्याचा मोठा गुंड उचलवत नव्हता. मग ती तांब्या-तांब्यानं विहिरीवरून पाणी आणायची. मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, मिठाचा खडा. पेज शिजली की गडव्यात ओतायची आणि पळी घेऊन खांबापासून सुरुवात करायची. मान वर धरवत नसे कुणाची. ती डोक्याखाली आपली मांडी सरकवायची आणि ओठांच्या कोपऱ्यातून पळी ओतायची. एक फेरी संपेस्तोवर पहिल्याला पुन्हा कोरड पडलेली असायची.

“तापानं मेले ते मेले. पन लोकं पान्यावाचून जास्त मेले बापा,” असं ती म्हणायची. “ज्या घरी एक मानूस उभा होता ते घर तरलं.”

हे तिचं वाक्य मी बरीच वर्षं म्हातारपणातलं बोलणं समजून सोडून देत आलो. पुढे वाचत गेलो तसं कळलं की त्या काळी औषध नव्हतंच. जे होतं ते अंथरुणावर पडून राहणं, पाणी, पातळ अन्न आणि ते तोंडात घालणारं कुणीतरी. मुंबईत सोशल सर्व्हिस लीगचे आणि निरनिराळ्या जातींच्या संस्थांचे स्वयंसेवक चाळीचाळीतून दूध, औषध, कांबळी वाटत फिरले, शाळांचे दवाखाने झाले. त्यांच्याजवळही याहून वेगळं काही नव्हतं. डॉक्टर निम्मेशिम्मे लढाईवर गेलेले. रामटेकला एक सरकारी दवाखाना होता आणि अख्ख्या तहसिलीची खेडी त्याच्यावर.

वहिनी गेली. विशी-बाविशीची असेल. सगळ्या जगात या साथीनं म्हातारीकोतारी सोडून विशी ते चाळिशीतली कर्ती माणसं नेली, आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बाया जास्त नेल्या. आजाऱ्याजवळ दिवसरात्र बसणारी बाईच, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारीही तीच. त्या साली तर उरायलाही काही नव्हतं. ज्वारी महागलेली, कापड महागलेलं. कफनाला धड कापड नव्हतं हे आत्याबाईनं एकदाच सांगितलं, पुन्हा त्या वाटेला ती गेली नाही.

दिवाळीच्या आसपास तिच्या सासरहून कार्ड आलं. कोपरा फाडलेलं. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मरणाची खबर; ते घरात आणत नसत, दारातच वाचून फाडून टाकत. वाचणारा कुणी उभा नव्हता म्हणून ते दिवसभर उंबऱ्याबाहेर दगडाखाली राहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कोपरा दिसत होता. नवऱ्याला तिनं मांडवात अंतरपाटापलीकडे पाहिला तेवढाच. घरात दुसरं लग्न हा विषयही निघाला नसता, त्यामुळे ती साठ-पासष्ट वर्षं आमच्याच घरी राहिली आणि आम्हाला तिच्या हातची पेज मिळत राहिली.

आता बंदोबस्ताचं. तेव्हाच्या लोकांजवळ साथीचा एक अनुभव ताजा होता, प्लेगचा. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढे नागपूरकडेही पोचला आणि गावोगावच्या लोकांना एक युक्ती शिकवून गेला : उंदीर पडले की घर सोडा, शेतात झोपडी बांधा. मानमोडीतही पुष्कळांनी हेच केलं. प्लेग घरात मागे राहायचा, हा श्वासाबरोबर झोपडीत यायचा. म्हणजे युक्ती चुकीच्या रोगाला लावली होती. पण गंमत अशी, की सरकारी सल्लाही फिरून तिथंच येत होता. मोकळ्या हवेत राहा, जमलं तर बाहेर निजा, गर्दीत जाऊ नका, ताप आला की अंथरूण धरा, मिठाच्या नाहीतर पोटॅश परमँगनेटच्या पाण्यानं गुळण्या करा. कारण चुकलं, सल्ला निम्मा बरोबर आला. पोस्टात पुडीनं मिळणारं क्विनाईन लोक खात होते, त्याचा या तापाशी काही संबंध नव्हता. कडुनिंबाची धुरी, गळ्यात कापराची पुरचुंडी, ओव्याची वाफ; यातल्या वाफेनं नाक मोकळं झालं असेल.

सक्ती मात्र सरकारनं केली नाही. प्लेगच्या वेळी १८९७चा साथरोग कायदा हाती घेऊन घरात शिपाई घुसवले, त्याचे परिणाम पुण्यात भोगून झाले होते. या वेळी सरकार अंगणाबाहेर राहिलं. लोकांना ते बरं वाटलं असेल. पण घुसायचं नाही म्हणजे काहीच द्यायचं नाही असा त्याचा अर्थ निघाला, आणि त्याबद्दल कुणी जाब विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

शेजारचे बरई आबाजी निराळीच गोष्ट सांगत. रामटेकचं पान तेव्हा नागपूरच्या बाजारात नाव काढून होतं. पानमळ्यात आंघोळ करून, पायताण बाहेर ठेवून जायचं, परक्याला आत घ्यायचं नाही, ही बरयांची जुनी शिस्त. आबाजींच्या वडिलांनी त्या महिन्यात सगळं कुटुंब मळ्यातच नेऊन ठेवलं आणि कुणालाही आत येऊ दिलं नाही. टोपल्या नागपूरला जाणं बंद झालं, पानं वेलावरच पिवळी पडून सडली, पण माणूस एकही गेला नाही. “सोवळ्यानं वाचलो आमी,” आबाजी म्हणत. मला ही गोष्ट जरा जास्तच जुळून आलेली वाटते. मळ्याच्या मांडवाखाली ओल असते, तिथं खोकला वाढायचा की कमी व्हायचा? पण परक्याला आत घेतलं नाही हे खरं असेल तर तेवढ्यानंही वाचले असतील. पानं सडल्याचं सांगताना मात्र त्यांचा आवाज माणसं वाचल्याचं सांगतानापेक्षा वर जायचा. बरई शेवटी बरईच.

मनसरच्या खाणीवरच्या मजुरांची गोष्ट मला कुणी सांगितली नाही. छत्तीसगडकडून, बालाघाटकडून आलेली गोंड आणि इतर माणसं, गवताच्या खोपटात दाटीनं राहणारी. त्यांच्यातलं कोण परत गेलं, कोण तिथंच पुरलं गेलं, हे सांगायला त्यांच्या आज्या रामटेकात राहिल्याच नाहीत. वडीलधाऱ्यांच्या गोष्टींवरून इतिहास लिहिणाऱ्यानं हे ध्यानात ठेवलेलं बरं : गोष्ट त्याच घरात उरते जिथं कुणीतरी उरलं.

आणि कोतवाल. मध्य प्रांतात गावचा कोतवाल बहुधा महार समाजातला असायचा. गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची नोंद ठेवून ती ठाण्यावर नेणं त्याच्याकडे. लिहिता येत नसेल तर पाटील नाहीतर मास्तर लिहून देई. आत्याबाईला तो आठवायचा. तो अंगणाच्या कडेला उभा राहून हाक द्यायचा, “बाई, किती गेले?” ती आतून बोटं दाखवायची. ज्या घरातली मरणं त्यानं मोजायची त्या घराचा उंबरा ओलांडायची त्याला मुभा नव्हती. मग त्यानं रोग कसा ओळखावा? ओठ निळे झालेले त्याला कसे दिसावेत? त्यानं ‘ताप’ लिहिलं, आणि पुढे त्याच्यासारखे कोतवालही आजारी पडले तेव्हा कित्येक गावांतून तेवढंही आलं नाही. सरकारनं आधी देशभरात ६० लाख मेले असा अंदाज केला. नंतरच्या अभ्यासकांनी तो एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींच्या आसपासपर्यंत नेला. १९११ ते १९२१ हे देशाच्या जनगणनेतलं एकमेव दशक, ज्यात माणसं वाढण्याऐवजी घटली. आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हा सगळ्यात जास्त पोळलेल्या प्रांतांपैकी एक होता. इतक्या मोठ्या आकड्यांची इतकी मोठी चूक अंगणाच्या कडेला सुरू झाली.

आत्याबाई १९८०च्या आसपास गेली, त्यामुळे २००९चा स्वाइन फ्लू तिनं पाहिला नाही. ३ ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला बळी गेला आणि आठवड्याभरात पुण्यातल्या शाळा, सिनेमाघरं, मॉल बंद झाले. १८९७चाच कायदा पुन्हा बाहेर निघाला. आमची पुतणी तिथं शिकायला होती. ती ओढणीनं तोंड बांधून बसनं रामटेकला आली, तर शेजारणी फाटकाशी थबकल्या आणि तिथूनच प्रकृती विचारून गेल्या. तो विषाणू १९१८च्या विषाणूशी नातं सांगणारा होता, डुकरांतून फिरून आलेला. गंमत म्हणजे म्हाताऱ्या लोकांना त्यानं कमी धरलं. लहानपणी झालेल्या कुठल्याशा तापाची ओळख त्यांच्या रक्तात शिल्लक होती. या वेळी औषध होतं, टॅमिफ्लू, आधी फक्त सरकारी दवाखान्यातून मिळणारं. २०१५च्या सुरुवातीला साथ पुन्हा उसळली तेव्हा नागपूरला तिचा जबर फटका बसला. मेडिकल आणि मेयो या तिथल्या सरकारी दवाखान्यांच्या वॉर्डांत रामटेककडचे पेशंटही होते, आणि बहुतेक उशिरा आलेले. चार दिवस गावात सलाईन लावून, मग ॲम्ब्युलन्स.

२०२०चा आजार फ्लू नव्हता, पण त्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली आणि आमच्या गल्लीत आशाताई आल्या. एका हातात ताप मोजायची बंदूक, दुसऱ्यात ऑक्सिमीटर, काखेत रजिस्टर. त्या फाटकातून हाक देऊन थांबल्या नाहीत, सरळ आत आल्या. माझे मोठे भाऊ खोकला दाबून टीव्ही पाहत बसले होते. ताईंनी बोट पकडून ऑक्सिमीटर लावला, आकडा पाहिला, आणि भावाला म्हणाल्या, “काका, खोटं बोलून राहिले का तुमी? उद्या सकाळी येतो मी परत.” दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्याही. वहिनीही तापानं निजली होती, म्हणून जाताना पातेलं चुलीवरून उतरवून गेल्या, ते काही त्यांच्या रजिस्टरात नव्हतं. पुढल्या वर्षी जूनमध्ये राज्यभरच्या आशांनी मानधनासाठी संप केला. आठवड्याभरानं सरकारनं महिन्याला दीड हजार वाढवून दिले, त्यातले पाचशे कोविडपुरते.