मुलाखत गेली, वाट पाहणं राहिलं

निकालाचे दिवस आले की माझा फोन बातमीसाठी कमी आणि ॲडमिशनसाठी जास्त वाजतो. "साहेब, यादी लागली का?" "दुसऱ्या राउंडची तारीख पुढे गेली म्हणतात, खरंय का?" तालुक्याच्या पत्रकाराला सगळं माहीत असतं, असा लोकांचा समज आहे. परवा एक पालक म्हणाले, "पूर्वी कॉलेजात मुलाखत घ्यायचे म्हणे. ते बरं होतं. पोरगं समोर बसून दोन शब्द बोलायचं तरी. आता नुसतं स्क्रीनकडं बघत बसायचं."

त्यांची तगमग मला समजते. पण मित्रांनो, ती मुलाखत खरंच बरी होती का? ती का गेली, कुणी घालवली, याची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

गोष्ट सुरू होते जुन्या म्हैसूर राज्यात, साठच्या दशकात. तिथल्या सरकारनं इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या प्रवेशात मुलाखतीला २५ टक्के वजन दिलं. सामान्य ज्ञान, व्यक्तिमत्त्व, एनसीसी, खेळ वगैरे बघून मार्क द्यायचे. मार्क कमी पडलेली मुलं कोर्टात गेली. १९६४ साली 'चित्रलेखा' खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मुलाखत घेण्यात मुळात काही गैर नाही. निकाल एकमतानं नव्हता. न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर, म्हणजे आपल्या विदर्भातले, यांनी वेगळं मत नोंदवलं. पण बहुमत ते बहुमत. मुलाखत टिकली.

सहा वर्षांनी, १९७० मध्ये, तामिळनाडूतल्या मेडिकल प्रवेशाचा खटला आला. तिथं मुलाखतीला ७५ मार्क होते. कोर्टासमोर आलं की एका मुलाला सरासरी तीनेक मिनिटं मिळाली होती. वेगवेगळ्या गुणांसाठी वेगवेगळे मार्क द्यायचे होते, पण समितीनं सरसकट एकच आकडा टाकून दिला होता. ती निवड कोर्टाला मान्य झाली नाही. तरीही मुलाखत नावाची गोष्ट शाबूतच राहिली.

खरा घाव बसला तो श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या खटल्यात. आज त्याला एनआयटी श्रीनगर म्हणतात. १९७९-८० च्या प्रवेशाला लेखी परीक्षा १०० मार्कांची आणि तोंडी ५० मार्कांची होती. म्हणजे एकूण मार्कांपैकी एक तृतीयांश मुलाखत घेणाऱ्यांच्या हातात. त्या ५० ची वाटणी कागदावर छान होती: सामान्य ज्ञानाला १५, एखादी गोष्ट किती समजते याला १५, अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांना १०, व्यक्तिमत्त्वाला १०. मुलांचं म्हणणं असं की प्रत्यक्षात दोन-तीन मिनिटांत बाहेर काढलं, आणि विचारलं काय, तर वडील कोण, राहता कुठे!

आपल्याकडच्या कुणालाही या दोन प्रश्नांचा अर्थ समजावून सांगायला नको. 'कुणाचा तू?' या प्रश्नाचं उत्तर अभ्यास करून देता येत नाही.

लेखीत चांगले मार्क असलेली मुलं तोंडीत खाली गेली आणि लेखीत मागे असलेली तोंडीच्या जोरावर वर आली, असा तक्ताच मुलांनी कोर्टात दिला. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ होतं. सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे य. वि. चंद्रचूड. निकाल लिहिला न्या. पी. एन. भगवती यांनी. नोव्हेंबर १९८० मध्ये आलेला हा निकाल 'अजय हसिया खटला' म्हणून कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. कोर्टानं सांगितलं की तक्ता बघून दाट संशय येतो, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मात्र दोन-तीन मिनिटांच्या गप्पांना एक तृतीयांश मार्क देणं हा मनमानीपणा आहे. तोंडीला १५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन देऊ नये. शिवाय मुलाखती टेप कराव्यात, म्हणजे नंतर वाद झाला तर आत काय घडलं ते ऐकता येईल.

१९८० साली टेप करा म्हणाले! आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे, तरी किती संस्था मुलाखत रेकॉर्ड करतात, हे तुम्हीच विचारून बघा.

आता या निकालाचा दुसरा भाग, जो मला जास्त टोचतो. निकाल लागेपर्यंत साधारण दीड वर्ष उलटलं होतं. आत गेलेल्या मुलांचे सेमिस्टर संपत आले होते. त्यांना काढणं कोर्टाला योग्य वाटलं नाही. मग तोडगा असा निघाला की प्रवेश हुकलेल्यांपैकी गुणवत्तेनं वरच्या ५० मुलांना १९८१-८२ साली जादा जागा देऊन घ्यायचं. म्हणजे मुलं जिंकली. पण जिंकून दोन वर्षं मागे पडली. बाकीच्यांचं काय झालं, ते निकालपत्रात नसतं.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं फरक स्पष्ट केला. नोकरीसाठी येणारा माणूस घडलेला असतो, त्याची मुलाखत जास्त वजनाची असू शकते. कॉलेजात येणारं पोर अजून घडतंय, त्याच्या व्यक्तिमत्त्वाला मार्क कसले द्यायचे? मला हे फार पटतं. सतरा-अठराव्या वर्षी बोलण्यातली सफाई ही बहुतेकदा घराची असते, पोराची नसते. गावच्या शाळेतून आलेली मुलगी इंग्रजी प्रश्नाला अडखळली, तर ती हुशार नाही असं ठरवणारे आपण कोण?

आपल्या महाराष्ट्रात मुलाखतीची जागा वेगळ्याच गोष्टीनं घेतली. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्याचा फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. कर्नाटकात जाणारी मुलं इथंच शिकू लागली. पण सोबत 'डोनेशन' हा शब्द घराघरात पोचला. ऑफिसात बोलावणं यायचं मुलाला, बोलणी व्हायची बापाशी. पुढे १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आला. १९९३ च्या 'उन्नीकृष्णन' निकालानं फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी विभागणी केली. २००२ च्या 'टी.एम.ए. पै' निकालानं ती मोडली. २००५ मध्ये 'इनामदार' खटला आला. हे इनामदार म्हणजे पुण्याचे पी. ए. इनामदार. त्यात कोर्टानं संस्थांना स्वायत्तता दिली, पण प्रवेश पारदर्शक, गुणवत्तेवर आणि पिळवणूक न करता व्हावेत, असं बजावलं. आजची सीईटी, कॅप राउंड, ऑनलाइन पसंतीक्रम हे सगळं या रस्त्यानं आलं.

त्यामुळे मुलाखत बरी होती, असं मी म्हणणार नाही. यादीत 'कुणाचा तू' हा रकाना नाही. शेतमजुराचं पोर आणि आमदाराचं पोर एकाच यादीत मार्कानं वरखाली होतं. हे सहज मिळालेलं नाही.

पण एक गोष्ट आपण जिंकलेली नाही. ती म्हणजे वाट पाहणं. पूर्वी बंद खोलीत मनमानी व्हायची, आता ती तारखांत होते. उदाहरणं बघा.

२००८ ला अकरावीसाठी पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, हायकोर्टानं रद्द केलं. २००९ ला ९०:१० चा कोटा आणला, तोही रद्द झाला. २०१० ला 'बेस्ट फाइव्ह', हायकोर्टात पडलं आणि सुप्रीम कोर्टात टिकलं. तोवर जुलै उजाडला. तीन वर्षं ओळीनं मुलं निकाल हातात घेऊन कोर्टाच्या तारखा मोजत होती.

२०१६ ला २८ एप्रिलला सुप्रीम कोर्टानं नीट सक्तीची केली. आपली सीईटी होती ५ मेला. आपण देतोय ती परीक्षा मेडिकलला धरणार की नाही, हे माहीत नसताना पोरं पेपरला बसली. महिनाअखेरीस केंद्रानं अध्यादेश काढून त्या वर्षापुरती राज्यांना मुभा दिली.

२०२० ला मराठा आरक्षणाला ९ सप्टेंबरला स्थगिती मिळाली आणि अकरावीची प्रक्रिया दोन महिन्यांहून जास्त अडकली. आरक्षणाच्या बाजूचा असो वा विरोधातला, वाट प्रत्येकाच्या पोरानं पाहिली. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, म्हणून अकरावीची सीईटी ठरली २१ ऑगस्टला. ती हायकोर्टानं १० ऑगस्टला रद्द केली.

शहरातल्या घराला ही वाट म्हणजे डोक्याला ताप. आपल्याकडच्या घराला ती खर्चाची असते. पुण्यात खोलीचं डिपॉझिट भरायचं की थांबायचं? इथल्या कॉलेजात पैसे भरून जागा धरली आणि पुढच्या राउंडला नंबर लागला तर? पेरणीचे पैसे आणि फीचे पैसे एकाच पिशवीत असतात. तारीख आठ दिवस पुढे गेली, की ती पिशवी कुठून तरी फाटते. आणि मुलीच्या बाबतीत तर 'यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य अशाच आठ दिवसांत घरात शिरतं.

उशिरा मिळालेला न्याय म्हणजे काय, हे कोर्टालाही कळलंय. डिसेंबर २०१९ मध्ये 'कृष्णा श्रद्धा' खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की एखाद्या पात्र विद्यार्थ्याचा एमबीबीएस प्रवेश स्वतःची चूक नसताना बेकायदा नाकारला गेला आणि तो वेळेत कोर्टात आला, तर मुदत संपली म्हणून त्याला रिकाम्या हातानं पाठवू नये. अपवाद म्हणून जागा वाढवून किंवा पुढच्या वर्षी त्याला प्रवेश देता येतो. पण कोर्टात वेळेत जायलाही वकील लागतो, आणि त्याआधी आपल्यावर अन्याय झालाय हे कळावं लागतं.

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. प्रवेशाचे नियम परीक्षेआधी ठरलेले असावेत, निकालानंतर नव्हे. जाहीर केलेली तारीख पाळावी. बदलली तर कारण त्याच दिवशी लेखी द्यावं. अर्ज नाकारला तर का, हे मराठीत लिहून मिळावं. व्यवस्थापन, डिझाइन, चित्रपट अशा अभ्यासक्रमांना अजून मुलाखत आहे, ती तिथं असायला हरकत नाही. पण १९८० चा सल्ला पाळा, रेकॉर्ड करा. आणि संस्थास्तरावर भरल्या जाणाऱ्या जागांची यादी मार्कांसह कॉलेजच्या दारावर लावा.

श्रीनगरच्या त्या मुलांना दोन मिनिटांत बाहेर काढलं होतं, म्हणून ती भांडली. आपली पोरं दोन-दोन महिने बाहेरच उभी असतात आणि आपण त्याला 'प्रक्रिया सुरू आहे' म्हणतो.

तुमच्या घरात यंदा कुणी यादीची वाट बघत असेल, किंवा पूर्वीच्या काळी तुम्ही स्वतः अशी मुलाखत दिली असेल, तर खाली लिहा. तारखा आठवत असतील तर तारखांसह लिहा. मागणी करताना त्या उपयोगी पडतील.