अभिरूप न्यायालय : आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्रात्यक्षिक शिक्षण

अभिरूप न्यायालयात (मूट कोर्ट) विद्यार्थी आंतरराष्ट्रीय करारांतील नियम प्रत्यक्ष दाव्यांना लावण्याचा सराव करतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार कायद्याच्या अभ्यासक्रमात ते सक्तीचे आहे. नवी मुंबईतील विद्यार्थ्यांना दाव्याचा विषय शोधायला लांब जावे लागत नाही; न्हावा शेवा बंदर (1989) जवळच आहे. या बंदरातून निघालेले ‘एमएससी चित्रा’ हे जहाज 7 ऑगस्ट 2010 रोजी ‘खलिजिया-3’ या जहाजाला धडकले. कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरले. भरपाई कोणी द्यायची, आणि जहाजमालकाचे दायित्व मर्यादित करता येते का? उत्तरासाठी 1976 चा दायित्वमर्यादा करार आणि व्यापारी नौवहन कायदा शेजारी ठेवून वाचावे लागतात.

जहाजजप्तीबाबतचा पायाभूत निकाल मात्र गोव्याशी निगडित आहे. मुरगाव बंदरातून गेलेल्या ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ या जहाजाच्या खटल्यात (1992) सर्वोच्च न्यायालयाने, भारताने न स्वीकारलेल्या करारांतील तत्त्वांचाही आधार घेतला. विद्यार्थी येथेच अडखळतात : करार आपोआप देशाचा कायदा होत नाही, संसदेला संविधानाच्या अनुच्छेद 253 खाली तसा कायदा करावा लागतो, तरी न्यायालय कराराकडे पाठ फिरवत नाही. जहाजजप्तीसाठी आता 2017 चा नाविक अधिकारिता कायदा असून नवी मुंबईचे असे दावे मुंबई उच्च न्यायालयात जातात.