तीन गिअरच्या हबचं कूळ

जुन्या विलायती सायकलचं मागचं चाक हाती आलं की आधी मधला हब रॉकेलच्या फडक्याने पुसावा. तेलाधुळीचा काळा थर निघाला की ठोकलेली अक्षरं दिसू लागतात: ‘स्टर्मी-आर्चर’, मग ‘एडब्ल्यू’, आणि बाजूला आकडे, समजा ५४ आणि ८. म्हणजे हा हब नॉटिंगहॅमला १९५४च्या ऑगस्टमध्ये तयार झाला. जुन्या बाजारातल्या फार थोड्या वस्तू आपली जन्मतारीख अशी अंगावर बाळगतात. अर्थात ही तारीख हबची, सायकलची नव्हे. मध्ये कुणी चाक बदललेलं असू शकतं. म्हणून आरेही मोजावेत. त्या काळच्या ब्रिटिश सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असत. आपल्याकडच्या काळ्या, उंच सायकलींनी हाच हिशेब उचलला आणि पुढे कित्येक वर्षं तो टिकवला.

हबवर तारीख आहे, पण ज्याच्या डोक्यातून तो निघाला त्याचं नाव नाही. सॅलफर्डच्या विल्यम रायलीने १८९६ मध्ये दोन वेगांच्या हबचं पेटंट घेतलं आणि तो हब ‘द हब’ याच नावाने बाजारात आला. ज्या कंपनीने तो काढला तिच्याशी करार करताना रायलीने आपल्या पुढच्या रचनांचे हक्कही देऊन टाकले होते. त्यामुळे तीन वेगांचा हब सुचला तेव्हा पेटंट निघालं ते जेम्स आर्चर या त्याच्या सहकाऱ्याच्या नावावर. त्याच सुमारास हेन्री स्टर्मी या सायकल आणि मोटारींवर लिहिणाऱ्या संपादकानेही तीन वेगांच्या हबचं स्वतःचं पेटंट घेतलं होतं. रॅले कंपनीचे फ्रँक बाउडन यांनी १९०२ मध्ये दोघांनाही एका छत्राखाली आणलं. कारखान्यातून बाहेर पडलेला हब मुख्यतः रायलीच्या रचनेचा होता. नावं मात्र स्टर्मी आणि आर्चर यांची लागली. मला हे आजही खटकतं. हब उघडून आतली मांडणी पाहिली की तर जास्तच.

या घराण्यातला सगळ्यात दीर्घायुषी वंशज म्हणजे १९३६चा एडब्ल्यू. अक्षरं वाचायला सोपी आहेत. पहिलं ‘ए’ म्हणजे तीन वेग, ‘एफ’ असेल तर चार. पुढचं अक्षर दोन वेगांमधलं अंतर सांगतं: डब्ल्यू रुंद, एम मध्यम, सी जवळजवळचे. एजी म्हणजे तोच हब, पण शेजारी दिव्यासाठी डायनॅमो घेतलेला. ‘एसडब्ल्यू’ दिसलं तर मात्र जपून. पन्नासच्या दशकात कमी भागांत काम भागवायला काढलेला हा हब गिअर नीट पकडत नसे, आणि काही वर्षांतच तो बंद झाला.

एडब्ल्यूच्या पोटातलं गणित मला फार आवडतं. एक्सल फिरत नाही, आणि त्याच्यावरच २० दाते कोरलेले असतात. त्याभोवती २०-२० दात्यांची चार छोटी चाकं एका पिंजऱ्यात बसवलेली, आणि त्यांच्याही बाहेर आतल्या बाजूने ६० दाते असलेलं कडं. साखळीने कडं फिरवलं तर पिंजरा त्याच्या पाऊण वेगाने फिरतो. पिंजरा फिरवला तर कडं एक तृतीयांशाने पुढे पळतं. तेवढ्यावर तिन्ही गिअर निघतात: चढाला पाऊण वेग, सपाटीला सरळ, उताराला सव्वापेक्षा थोडा जास्त. वेगळ्या दात्यांचं एकही जादा चाक लागत नाही.

यातूनच चालवून पाहण्याची खूण मिळते. पेडल मारताना दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये हब टिकटिक करतो, पहिल्यात गप्प असतो. कारण पहिल्यात पिंजऱ्याच्या खिट्ट्याच, म्हणजे एकाच दिशेने अडकणारे स्प्रिंगचे तुकडेच, चाक ओढतात. एरवी चाक पिंजऱ्याच्या पुढे पळतं आणि त्या खिट्ट्या मागे घसरत वाजतात. विकणारा ‘आवाज येतो, बिघडलाय’ म्हणून भाव पाडत असेल तर खुशाल घ्यावा.

पेडल मध्येच रिकामं फिरलं तरी लगेच हब खोलू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक पोकळ जागा आहे, तिथे पेडलचा जोर कुठेच पोचत नाही. उभं राहून पेडल मारणारा तिथे तोंडावर आपटू शकतो. बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. गिअर दुसऱ्यावर ठेवून उजव्या बाजूच्या नटच्या भोकातून पाहावं: केबलला जोडलेल्या छोट्या साखळीच्या दांडीची कडा एक्सलच्या टोकाशी समपातळीत आली की केबल बरोबर.

खोलायचंच झालं तर उजवीकडच्या बॉल रिंगच्या खाचेत पंच लावून डाव्या दिशेने ठोके द्यावेत. त्याआधी रिंगवर आणि हबवर समोरासमोर खूण करावी. रिंगचा आटा दुपदरी असतो. जोडताना दुसऱ्या पदरात बसली तर चाक एका बाजूला सरकतं आणि आरे पुन्हा ओढत बसावं लागतं. आत बहुधा वाळून डिंकासारखं झालेलं तेल सापडतं. रॉकेलमध्ये सगळं धुवावं. खिट्ट्यांच्या स्प्रिंग केसासारख्या बारीक असतात, त्यांना जपावं. दात्यांत ग्रीस भरू नये; ग्रीस घट्ट झालं की या स्प्रिंगांना खिट्ट्या उचलवत नाहीत. ग्रीस फक्त छर्‍यांना. आतल्या भागांना पातळ यंत्रतेल, आणि तेही नंतर हबवरच्या टोपणातून अधूनमधून चमचाभर. जोडताना छर्‍यांवर बसणारा उजवा कोन बोटांनी घट्ट करून अर्धा फेरा सैल सोडायचा आणि चाकाची ढील डाव्या कोनाने काढायची. रिमजवळ अगदी किंचित हालचाल राहिली पाहिजे.

नॉटिंगहॅमचा कारखाना २००० मध्ये बंद पडला. यंत्रं आणि नाव तैवानच्या सनरेस कंपनीने घेतलं, आणि तीन वेगांचे हब आता तिकडे बनतात. त्यात ती मधली पोकळ जागा उरलेली नाही. जुन्या एडब्ल्यूचे भाग मात्र दशकानुदशकं इतके थोडे बदलले की सत्तरच्या दशकातल्या हबमधला पिंजरा किंवा खिट्ट्या काढून ५४ सालच्या हबमध्ये बहुतेक वेळा जशाच्या तशा बसतात. म्हणून गंजलेला, आरे तुटलेला एडब्ल्यू स्वस्तात मिळाला तर तोही घेऊन ठेवावा.