उसण, पायाळू आणि तांबडी माती

मंडळी, रंकाळ्यावर पहाटे धुकं उतरायला लागलं, गुऱ्हाळं पेटली, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरले, की आमच्या कोल्हापुरात आणखी एक सीझन सुरू होतो. कंबर धरण्याचा. कुणाची मान आखडते, कुणाचा खांदा वर जात नाही, कुणी अंघोळीची बादली उचलायला वाकतं ते तसंच वाकलेलं राहतं. मग घराघरात एकच वाक्य, "उसण भरली जणू."

उसण भरली की पूर्वी काय करायचे? पायाळू माणूस शोधायचे. पायाकडून जन्मलेला. दुखऱ्या जागेवर त्याची हलकी लाथ बसली की उसण जाते, असा समज. आमच्या गल्लीत एक पायाळू काकू होत्या. थंडीच्या दिवसांत त्यांच्या दारात सकाळी दोन-तीन माणसं कंबर धरून उभी असायची. चहाचं आधण ठेवता ठेवता काकू येऊन लाथ घालून जायच्या. फी नाही, तपासणी नाही. हसू नका राव, आता तेच काम एसी खोलीत, गादीवर झोपवून, कॅमेरा लावून चाललंय. मोबाईल उघडला की मान धरून कटकन फिरवल्याचे व्हिडिओ येतात, खाली लाखांनी लाईक. त्याला नाव आहे कायरोप्रॅक्टिक. गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपवरही अशाच एका शिबिराची जाहिरात फिरली, 'थंडीतील सर्व सांधेदुखीवर एका झटक्यात उपाय'. ती बघून मला आमचा आजा आठवला आणि धाकटा काकाही आठवला. म्हणून हे लिहायला बसलो. लांबलंय थोडं, पण वाचा.

आजापासून सुरुवात करतो. आजा तालमीतला. मोठा पैलवान नव्हता, पण हौद्यात घाम गाळलेला. कोल्हापुरात तालीम म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, काळा इमाम ही नावं इथं देवळांसारखी घेतली जातात. ही कुस्ती आपल्याकडं जुनी आहेच, पण तिला राजाश्रय दिला आणि पार शिखरावर नेलं ते राजर्षी शाहू महाराजांनी. १८९४ साली महाराज गादीवर बसले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम बघितलं आणि तसंच मैदान करवीरात व्हावं म्हणून खासबाग बांधून घेतलं. १९१२ साली ते पुरं झालं. मधला हौदा वर, प्रेक्षक उतरत्या मातीवर, म्हणजे शेवटच्या माणसालाही मल्लाची पाठ लागली का नाही ते दिसावं. पंजाबचे मल्ल इथं आले, राहिले, इथल्या पोरांना तयार केलं. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजचे, आणि १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे याच मातीतले.

हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पण एका गोष्टीकडं आपलं लक्ष जात नाही. एवढ्या कुस्त्या म्हटल्यावर रोज कुणाचा तरी खांदा निखळणार, बोट मोडणार, मान लचकणार. हे सगळं कोण बघत होतं? आत्ताचं सीपीआर तेव्हा अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून होतं, १८८० च्या दशकातलं. पण पैलवान सहसा तिकडं जायचा नाही. तो वस्तादाकडं जायचा. वस्तादाला डाव जसे माहीत, तसे सांधेही माहीत. ज्या हाताला कोणत्या कोनात पिळला की खांदा निघतो हे ठाऊक, त्याच हाताला तो परत कसा बसतो हेही ठाऊक. आजाचा खांदा एकदा ढाक मारताना निखळला होता. तो सांगायचा, वस्तादांनी त्याला मातीतच उताणा झोपवला, काखेत टाच दिली, हात धरून सावकाश ओढला आणि गप्पा मारता मारता बसवला. मग आंबेहळद-रक्त्याबोळाचा गरम लेप आणि गळ्यात झोळी. पुढं हयातभर तो खांदा दुखला नाही, हा आजाचा दावा. काखेत टाच देऊन खांदा ओढायची ही रीत ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या ग्रंथांतही आहे, हे मला फार उशिरा कळलं. आजाला सांगायला पाहिजे होतं.

थंडीचं आणि या सगळ्याचं नातं तर अजून जुनं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा अध्याय आहे. हेमंत ऋतूत काय करावं, तर अंगाला तेल लावावं, रगडून घ्यावं, जाणकारांबरोबर कुस्ती खेळावी आणि बेताने पायाने तुडवून घ्यावं, असं त्यात सांगितलंय. वाचून मी उडालोच. ही तर आपल्या तालमीची थंडीतली दिनचर्या! पहाटे जोर-बैठका, मग लढत, मग पोरांनी एकमेकांची अंगं रगडायची, आणि एखाद्या दांडग्याच्या पाठीवर हलकं पोरगं चढवून तुडवून घ्यायचं. त्याच वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असंही सांगितलंय, ते मात्र आमच्या पैलवानांनी कधी ऐकलं नाही. आणि सुश्रुत बघा. हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार तो वेगळे मांडतो. मोडलेल्या हाडावरची पट्टी थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावी, इतका बारीक हिशेब त्याने लिहून ठेवलाय. मांडी-पोटरीचं हाड मोडलं तर माणसाला फळीवर झोपवून खुंट्यांनी पाय जखडायला सांगतो. म्हणजे बघा, ऋतू बघून, प्रकार ओळखून, मग हात लावायचा.

आता सातासमुद्रापार जाऊ. शाहू महाराज गादीवर आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८९५ साली, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाचा एक माणूस होता. हा डॉक्टर नव्हे. लोहचुंबकाने रोग बरे करतो म्हणायचा, त्याआधी किराणा दुकान चालवलेलं. त्याच्या इमारतीत झाडलोट करणारा हार्वे लिलार्ड नावाचा कृष्णवर्णीय कामगार कानाने बहिरा होता. पामरने त्याच्या पाठीचा एक मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असं पामरने सांगितलं. पाठीचा आणि कानाचा संबंध काय, हे आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही. पण पामरने त्यावर शास्त्र उभं केलं, शाळा काढली. शंभरातले पंचाण्णव आजार मणके सरकल्यामुळे होतात, असं तो म्हणायचा. १९०६ साली विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल त्याला तुरुंगातही जावं लागलं. पुढं शेकडो कायरोप्रॅक्टर असे आत गेले. शेवटी खासबाग पुरं झालं त्याच्या पुढच्या वर्षी, १९१३ ला, कॅन्सस राज्याने पहिल्यांदा त्यांना कायद्याने परवाना दिला. शेवटचं राज्य लुइझियाना, १९७४. म्हणजे साठ वर्षं भांडण. तेवढ्या काळात त्यांना अभ्यासक्रम करावा लागला, परीक्षा द्याव्या लागल्या, एक्स-रे वाचायला शिकावं लागलं.

इंग्लंडात हाडं बसवणारे तर आपल्यासारखेच, घराण्यात चालत आलेले. १८६७ साली सर जेम्स पॅजेट या बड्या सर्जनने आपल्याच डॉक्टर मंडळींना भाषण देऊन सुनावलं होतं, की हाडवैद्य कोणत्या केसेस बऱ्या करतात ते बघा आणि त्यातलं चांगलं तेवढं उचला. १९२२ साली, ज्या वर्षी महाराज गेले, त्याच वर्षी हर्बर्ट बार्कर या पदवी नसलेल्या हाडवैद्याला तिथल्या राजाने 'सर' केलं. आणि आमचे वस्ताद? त्यांना फेटा मिळाला, नारळ मिळाला, त्यांचं ज्ञान कुणी लिहून घेतलं नाही. पामरचा पुतळा झाला, कॉलेज झालं. आमच्या वस्तादाचा एक फोटो तालमीच्या भिंतीवर, तोही आता ओल येऊन गेलाय. तालमींचंही बघा ना, आता 'तालीम मंडळ' म्हटलं की पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, म्हणजे शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल. त्यातही मजा आहेच, नाही म्हणत नाही. पण लचकलेला पाय कोण बघतो तिथं? स्प्रे मारतात आणि पळवतात.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल मी जुन्याचं गुणगान गातोय. आता काकाचं सांगतो.

काका गुऱ्हाळावर कामाला. चुलवाणाची धग एका अंगाला आणि पहाटेची थंडी दुसऱ्या अंगाला, अशी नोकरी. एका डिसेंबरात त्याची पाठ दुखायला लागली. सगळे म्हणाले थंडीनं धरलंय. आजीने वीट तापवून शेकलं, निर्गुडीचा पाला बांधला. बरं वाटायचं, परत दुखायचं. मग कुणीतरी एक हाड बसवणारा सांगितला. गावाचं, माणसाचं नाव घेत नाही. त्याच्या दारात जत्रा. त्याने पाठीवरून हात फिरवला, "मणका सरकलाय" म्हणाला आणि पिळून कटकन आवाज काढला. काका खूश. दर आठवड्याला जायचा. दोन-अडीच महिने गेले. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, वजन उतरलं, रात्री घाम. आम्ही म्हणायचो, सीझनचं काम, होतंय असं. शिमग्याच्या सुमाराला त्याच्या पायातली ताकद जायला लागली, चप्पल पायातून निसटायची ते कळायचं नाही. मग मोठ्या दवाखान्यात नेला. मणक्याचा क्षय. टीबी! आतून पोखरलेला मणका आम्ही अडीच महिने पिळून घेत होतो. वर्षभर गोळ्या, पट्टा, झोपून. वाचला, चालतो, पण एक पाय ओढत.

वस्ताद आणि हा माणूस यांच्यात फरक काय? माझ्या मते एवढाच, की वस्ताद आपल्या पठ्ठ्याला रोज बघत होता. पोरगं पडलं कसं, दुखलं कधी, सगळं डोळ्यांसमोर. तरणंबांड अंग, ताजी दुखापत, माहीत असलेला सांधा. त्याच्या विद्येची हद्द हौद्याच्या कडेपर्यंत होती आणि ती त्याला ठाऊक होती. विद्या हौद्याबाहेर आली, बोर्ड लावून बसली, की ती हद्द सुटते.

आणि तो 'कटकन' आवाज. आपल्याला वाटतं हाड जाग्यावर बसलं. तसं नसतं. सांध्यात वंगणासारखं द्रव असतं, सांधा एकदम ताणला की त्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. २०१५ साली कॅनडात बोटांचे सांधे एमआरआयमध्ये ठेवून हे प्रत्यक्ष बघितलंय. आवाज आला म्हणजे उपचार झाला असं नाही. थंडीचंही तसंच. सिडनीत हजारेक कंबरदुखीवाल्यांवर अभ्यास झाला, त्यात तापमानाचा आणि कंबर धरण्याचा संबंध काही सापडला नाही. सिडनीची थंडी ती केवढी, असं तुम्ही म्हणाल, मीही म्हणालो. थंडीत अंग आखडतं, हालचाल कमी होते, दुखणं जास्त जाणवतं हे खरं. पण 'थंडीनं धरलंय' म्हणून महिनोन्महिने काढायचे नाहीत, एवढं तरी त्यातून घ्या. अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली ताज्या कंबरदुखीसाठी जे सांगितलं त्यात गोळीच्या आधी शेक, मालिश आणि हाताने मणके हलवणं हेही आहे. शेकाचा पुरावा त्यातल्या त्यात बरा. म्हणजे आजीची वीट पास. कायरोप्रॅक्टरही काठावर पास, पण कंबरेपुरता. मानेला झटका देणं वेगळं, त्यात क्वचित मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी फाटून लकवा झाल्याच्या नोंदी आहेत.

आता सार्वजनिक मुद्दा. डॉक्टरांची नोंदणी होते, फिजिओथेरपिस्टांची महाराष्ट्रात परिषद आहे. मुंबईच्या केईएममध्ये १९५३ साली, पोलिओच्या साथीनंतर, फिजिओथेरपीची शाळा निघाली, तेव्हापासून ही माणसं शिकून तयार होतायत. कायरोप्रॅक्टरची नोंद ठेवणारी परिषद मात्र आपल्या देशात नाही. परदेशात चार-पाच वर्षं शिकून आलेला आणि आठवडाभर व्हिडिओ बघून शिकलेला, दोघांचा बोर्ड सारखाच दिसतो. आणि जातं कोण तिथं? आत्ता, या थंडीत, आपल्या जिल्ह्यातल्या फडांवर बीडकडची हजारो माणसं डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतायत. अर्ध्या रात्री गाडी आली की अर्ध्या रात्री. त्यांची कंबर गेली तर एक दिवस खाडा परवडत नाही, म्हणून जवळचा, स्वस्तातला, लगेच 'बसवून' देणारा माणूस. कारखान्याच्या गट ऑफिसात सीझनपुरता आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसवायला किती खर्च येईल? साखरेच्या एका ट्रकएवढा तरी येईल का? हा प्रश्न मी दोन संचालकांना विचारला. एक हसला. दुसऱ्याने स्वतःच्या मानेला हात लावून विचारलं, "चांगला माणूस हाय का कोण?"

त्या शिबिराची जाहिरात ग्रुपवर टाकणाऱ्याला मी एवढंच लिहिलं, की येणाऱ्याला आधी ताप, वजन, पायातला बधिरपणा आणि लघवीवरचा ताबा यांबद्दल विचारणार आहात का? उत्तर आलं नाही. जाहिरात मात्र काढली.

काका परवा भेटला. गुऱ्हाळावर आता मोजमापाच्या वहीवर बसतो. पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून काहिलीतल्या पाकाकडं बघत होता. म्हणाला, "यंदा थंडी लई हाय बघ." मग माझ्या हातावर गरम गुळाचा खडा ठेवला.