पिवळा पट्टा आणि रोजचा हिशोब

ट्रॅफिकचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "एक खमका मंत्री आणा, आठ दिवसात सगळे सरळ होतील!" मीही म्हणायचो. नैरोबीच्या मटाटूंबद्दल वाचल्यापासून जरा कमी म्हणतो.

मटाटू म्हणजे केनियातल्या खाजगी मिनीबस. स्वाहिलीत 'टाटू' म्हणजे तीन. सुरुवातीला भाडं दहा सेंटची तीन नाणी होतं, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. १९७३ मधे राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटांनी त्यांना परवान्यातून सूट दिली आणि धंदा फोफावला. हिशोब साधा. मालकाला रोज ठरलेली रक्कम द्यायची, वर उरेल ते ड्रायव्हर-कंडक्टरचं. म्हणजे गाडी सुसाट पळवा, माणसं कोंबा, पुढच्या स्टॉपवर दुसऱ्या गाडीच्या आधी पोचा. मरतो कोण? आतला प्रवासी.

२००३ मधे वाहतूकमंत्री जॉन मिचुकींनी नवे नियम काढले. वेग ताशी ८० किलोमीटरवर अडवणारं यंत्र, प्रत्येक सीटला बेल्ट, उभे प्रवासी बंद, स्टाफला गणवेश आणि बिल्ला, गाडीवर पिवळा पट्टा. १ फेब्रुवारी २००४ ला अंमलबजावणी सुरू झाली. अनेक गाड्या रस्त्यावर उतरल्याच नाहीत, लोक मैलोन् मैल चालत ऑफिसला गेले. पण मंत्री हटले नाहीत आणि चक्क फरक पडला! लोक बसून, बेल्ट लावून जायला लागले.

मग हळूहळू सगळं मूळपदावर. वेग अडवणाऱ्या यंत्रात फेरफार झाले, गाड्या परत खचाखच. शेवटी नोव्हेंबर २०१८ मधे सरकारला तेच नियम पुन्हा लागू करायची मोहीम काढावी लागली. मिचुकी तर २०१२ मधेच वारले होते.

गंमत म्हणजे त्याच नियमांत आणखी एक कलम होतं: ड्रायव्हर आणि कंडक्टरना कायम नोकरीवर ठेवा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच, आणि नेमकं तेच बहुतेक कागदावर राहिलं. पिवळा पट्टा चौकातल्या पोलिसाला लांबून दिसतो. पगार कसा दिसणार? मालकाला रोजची रक्कम देणं चालूच राहिलं, त्यामुळे घाईही तशीच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीन नवा केला, आतलं लॉजिक जुनंच.

मंत्री खमका नको असं नाही. मिचुकींमुळे त्या काळात काही जीव नक्की वाचले असतील. पण मंत्री बदलतात, पोलीस थकतात, ड्रायव्हरला मात्र संध्याकाळी मालकाचे पैसे द्यायचेच असतात. म्हणून हल्ली एखादी बस अंगावर आली की शिव्या घालून झाल्यावर (त्या घालतोच!) मनात येतं, याचे पैसे नक्की कशावर ठरतात?

असो.