सोंग पटलं पाहिजे

सायलीहून सेलवासमार्गे वापीला यायचं आणि मुंबईकडे जाणारी पॅसेंजर धरायची. करंबेली, भिलाड, संजाण मागे पडलं की उमरगाव येतं. 1980च्या दशकात याच उमरगावच्या वृंदावन स्टुडिओत रामानंद सागर यांनी अयोध्या उभी केली, मिथिला उभी केली, लंकाही उभारली. 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 या काळात ‘रामायण’ मालिकेतून दर रविवारी सकाळी देशभर जो राम दिसला, त्याचं बरंचसं चित्रीकरण दादरा-नगर हवेलीच्या या शेजारगावात झालं होतं.

मालिकेच्या वेळी रस्ते ओस पडायचे, लोक अंघोळ करून टीव्हीपुढे बसायचे, टीव्हीला हार घालायचे, हे आता सगळ्यांना पाठ आहे. तिच्या शेवटी जे घडलं त्याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही. रामाच्या राज्याभिषेकापाशी कथा संपवायची असं ठरलं होतं. वाल्मीकींच्या आश्रमाचा, लव-कुशांचा भाग त्यात नव्हता. वाल्मीकींना आपले आद्यपुरुष मानणाऱ्या सफाई कामगारांना हे मान्य नव्हतं. 1988च्या उन्हाळ्यात जालंधरमध्ये त्यांनी काम बंद केलं, संप उत्तरेतल्या इतर शहरांत पसरला आणि पुढची कथा दाखवा ही मागणी दिल्लीपर्यंत गेली. अखेर त्याच वर्षी ‘उत्तर रामायण’ सुरू झालं. पडद्यावरची कथा कुठे संपावी हे प्रेक्षकांनी संप करून ठरवल्याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे सापडणार नाही.

आज एखाद्या जपानी मांगावर, म्हणजे चित्रकथेवर, अमेरिकेत खऱ्या नटांचा चित्रपट निघतो, चाहते खवळतात आणि निर्मात्यांना जाब विचारतात, तेव्हा हे काहीतरी नव्या पिढीचं, मोबाइलमुळे आलेलं खूळ आहे असा सूर लागतो. आपल्या पट्ट्याचा इतिहास वेगळं सांगतो. मनात ठरलेलं रूप हाडामांसाच्या माणसात पाहताना त्यावर हक्क सांगण्याची रीत इथे सिनेमाच्याही आधीची आहे.

हवेलीत कोकणा समाजात भवाडा नाचवतात. हवेलीच्या सीमेपलीकडे जव्हार-मोखाड्यात त्याचाच भाऊ शोभेल असा बोहाडा होतो. उन्हाळ्याच्या दिवसांत, रात्री, मशालींच्या उजेडात, संबळ आणि सनईच्या साथीवर एकेक सोंग बाहेर येतं. गणपती येतो, सरस्वती येते, मग राम, रावण, भीम, नरसिंह आणि राक्षस. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, भडक रंगवलेले. अनेक गावांत कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. मुखवटा चढवला की आतला माणूस ओळखीचा शेजारी राहत नाही, त्याच्या पाया पडतात. मात्र बघणाऱ्यांना प्रत्येक सोंगाची चाल ठाऊक असते. रावणाने रावणासारखंच नाचलं पाहिजे आणि गणपतीने गणपतीसारखं. पाऊल चुकलं तर ते कळणारी माणसं समोरच बसलेली असतात. सेलवासच्या आदिवासी संग्रहालयात हे मुखवटे भिंतीवर पाहायला मिळतात. तिथे ते सुंदर दिसतात खरे, पण त्यांचा अर्धा जीव त्या जाणत्या प्रेक्षकांत होता आणि तो भिंतीवर टांगता येत नाही.

हाच जाणता प्रेक्षक दादासाहेब फाळक्यांच्या वाट्याला आला. फाळके त्र्यंबकेश्वरचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथे शिकून ते राजा रविवर्म्याच्या छापखान्यात कामाला लागले. घाटकोपरला 1894मध्ये सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण यांच्या तसबिरी घराघरांत पोचल्या. देव कसा दिसतो याबद्दल मराठी माणसाचं मत बऱ्याच अंशी या रंगीत छापांनी घडवलं. मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहताना आपल्याला कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसू लागली, असं फाळक्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिलं. छापलेल्या चित्रांवर जीव असलेला माणूस ती चित्रं हलताना पाहायला आसुसला होता. आजच्या भाषेत फाळके हे पहिले चाहते आणि मग पहिले निर्माते.

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यातल्या सुरुवातीच्या दृश्याची मांडणी रविवर्म्याच्या चित्राची आठवण करून देते, हे अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. खरी कसोटी मात्र 1917च्या ‘लंकादहन’ची. सिनेमात काम करायला बायका सहसा मिळत नव्हत्या. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके फाळक्यांना सापडला होता, त्याने ‘हरिश्चंद्रा’त तारामती केली होती. ‘लंकादहना’त त्याने राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. एकच तरुण कधी धनुष्य घेऊन उभा, कधी अशोकवनात बसलेला. लुगड्यातून त्याचे कसलेले दंड दिसत. तरीही पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातली पायताणं काढून ठेवत. गिरगावात सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालले आणि मद्रासमध्ये जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात.

इथे थोडं थांबायला हवं. चाहत्यांना हुबेहूब चेहरा हवा असतो, हे गृहीतक साळुंकेच्या सीतेपुढे टिकत नाही. पुरुषाच्या अंगाची सीता लोकांनी मानली, कारण तिचं वागणं सीतेचं होतं. दुःख, निश्चय, रामाची वाट पाहणं, हे सगळं ओळखीचं होतं. प्रेक्षकाने डोळे मिटून काही स्वीकारलं नाही, त्याने कशाला महत्त्व द्यायचं ते नेमकं निवडलं.

1936च्या ‘संत तुकाराम’ने हेच आणखी ठळक केलं. प्रभातच्या दामले-फत्तेलाल यांनी तुकोबांसाठी विष्णुपंत पागनीसांना निवडलं. पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून नावारूपाला आलेले, त्यामुळे या निवडीबद्दल शंका होत्याच. चित्रपट मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून अधिक काळ चालला, 1937मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि पागनीसांना लोक रस्त्यात नमस्कार करू लागले. तुकोबांची पुढे जी चित्रं खपली त्यांतल्या अनेकांत चेहरा पागनीसांचा आहे. फाळक्यांच्या वेळी तसबिरीने सिनेमाला चेहरा दिला होता, आता सिनेमाने तो तसबिरीला दिला. याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं एक पद लोकांना तुकोबांचाच अभंग वाटलं आणि आजही अनेकांना तसंच वाटतं. तुकोबांची गाथा मुखोद्गत असलेल्या महाराष्ट्राने नव्याने रचलेलं पद तुकोबांच्या पदरात घातलं, कारण त्यातला विचार आणि वळण तुकोबांचं होतं.

देवा-संतांकडून पुस्तकातल्या आणि वर्तमानपत्रातल्या पात्रांकडे आलं तरी रीत तीच राहते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ नोव्हेंबर 1991पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागला आणि सकाळच्या चहाबरोबर तो वाचणं ही पुण्यातल्या असंख्य घरांची सवय झाली. 2012मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्याला पडद्यावर आणलं, पुढच्या वर्षी दुसरा भागही आला. चार चौकटींत संपणाऱ्या विनोदाला दोन तासांची कथा लावणं हे अवघड काम, आणि मूळ रेषेतली ती चपळाई चित्रपटात पूर्णपणे उतरणं शक्यही नव्हतं.

फास्टर फेणेचा, म्हणजे फाफेचा, प्रश्न त्याहून नाजूक. भा. रा. भागवतांचा बन्या फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, सायकलवरून सुसाट जाणारा किडकिडीत पोरगा. 1980च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन फाफे झाला, तेव्हा तो निदान शाळकरी वयाचा होता. 27 ऑक्टोबर 2017 रोजी आलेल्या आदित्य सरपोतदारांच्या चित्रपटात अमेय वाघचा बनेश मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण आहे आणि त्याची गाठ परीक्षेतल्या गैरव्यवहाराशी पडते. वय बदललं, काळ बदलला, मोबाइल आले. पण अन्याय दिसला की मागचापुढचा विचार न करता त्यात उडी घेणं आणि जिभेने ‘टॉक’ करणं राहिलं. दिलीप प्रभावळकरांच्या रूपात खुद्द भा. रा. भागवतच कथेत आले, ही जुन्या वाचकांसाठी ठेवलेली जिव्हाळ्याची खूण होती. फाफे मोठा झाला हे पटवून घेणं सोपं नव्हतं, पण तो फाफेच आहे हे पटत होतं.

त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, नेटफ्लिक्सवर ‘डेथ नोट’ आला होता. त्सुगुमी ओबा आणि ताकेशी ओबाता यांची ही मांगा 2003 ते 2006 या काळात जपानी साप्ताहिकात आलेली. ज्याचं नाव लिहाल तो मरेल अशी वही एका हुशार विद्यार्थ्याच्या हाती लागते. मुळातला लाइट यागामी थंड डोक्याचा आहे, त्याची भीती त्याच्या शांतपणातून वाटते. दिग्दर्शक अॅडम विंगार्ड यांनी कथा तोक्योतून सिअॅटलला नेली, लाइट यागामीचा लाइट टर्नर झाला आणि मृत्युदेवता रयूक समोर येताच तो किंचाळत सुटला. गोऱ्या नटाला घेतलं म्हणून आधीच टीका झाली होती आणि ती योग्यच होती. मात्र चित्रपट आल्यावर रागाचा रोख बदलला. गुप्तहेर ‘एल’ची भूमिका लाकीथ स्टॅनफील्ड या कृष्णवर्णीय नटाने केली. मूळ चित्रातल्या फिकट पोराशी त्याचा चेहरा जुळत नाही, तरी त्याचं पाय वर घेऊन बसणं, गोड खाणं, तिरकस बोलणं अनेकांना आवडलं. तोच एल शेवटी संतापून पिस्तूल घेऊन धावू लागला, तेव्हा चाहत्यांनी त्याला सोडून दिलं. साळुंकेची सीता मानणारा गिरगावचा प्रेक्षक आणि हे चाहते यांच्यात शंभर वर्षांचं अंतर आहे, पण त्यांचा निकष एकच.

त्याआधीचं ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ हे 2009चं प्रकरण तर याहून वाईट. भारतातल्या मुलांनी कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झी’ पाहिलेलं होतं. डोंगरात वाढलेला, खाण्यावर आणि लढण्यावर जीव असलेला भोळा गोकू त्यांना माहीत होता. चित्रपटातला गोकू अमेरिकी शाळेत इतर मुलांकडून छळला जाणारा विद्यार्थी निघाला. आपण दिलेल्या सूचना मानल्या गेल्या नाहीत, असं मूळ निर्माते अकिरा तोरियामा यांनी पुढे उघड सांगितलं. त्यानंतर 2013च्या ‘बॅटल ऑफ गॉड्स’ या अॅनिमेशनपटात ते स्वतः जातीने उतरले. पटकथाकार बेन रॅमझी यांनी 2016मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागितली. आपण चाहता म्हणून या कामात शिरलो नव्हतो, पैशासाठी शिरलो होतो, हे त्यांनी स्पष्ट कबूल केलं. जालंधरच्या सफाई कामगारांप्रमाणे इथेही चाहत्यांचं म्हणणं शेवटी ऐकलं गेलं, फक्त सात वर्षं उशिरा.

जपान आणि रामायण यांचीही गाठ पडलेली आहे. युगो साको हे जपानी निर्माते रामायणाशी निगडित माहितीपट करत होते तेव्हा, 1983मध्ये, ते नवं रामायण काढणार आहेत अशा समजातून विश्व हिंदू परिषदेने हरकत घेतली. आपला राम परक्याने पडद्यावर आणायचा, हे मान्य होण्यासारखं नव्हतं. पुढे साको यांनी रामायणावर अॅनिमेशनपट काढायचं ठरवलं, पण भारत सरकारसोबत निर्मिती जमली नाही आणि बहुतेक काम जपानमध्ये झालं. राम मोहन या भारतीय अॅनिमेशनच्या अग्रणीने मात्र साको आणि कोइची सासाकी यांच्यासोबत दिग्दर्शनाची धुरा वाहिली. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ पूर्ण झाला. टीव्हीवर तो लागू लागला आणि ज्या मुलांनी तो पाहिला त्यांच्या मनात हाच राम घर करून बसला. विरोध करणाऱ्यांची भीती खरी होती, हे समजून घ्यायला हवं. चित्र काढणारा परका असला तरी त्याने रामाला रामासारखं वागवलं आणि भीती निवळली.

‘लोकमान्य’ आणि ‘तान्हाजी’ करणारे ओम राऊत याच जपानी चित्रपटाने प्रभावित झाले होते, हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं. त्यांचा ‘आदिपुरुष’ म्हणजे एका अर्थी जपानी अॅनिमेशनपटाच्या ओढीतून मराठी दिग्दर्शकाने माणसांना घेऊन केलेलं रामायण. ऑक्टोबर 2022मध्ये अयोध्येत टीझर आला आणि रावणाच्या रूपापासून संगणकीय दृश्यांपर्यंत सगळ्यावर टीकेची झोड उठली. जानेवारी 2023चं प्रदर्शन जूनवर ढकलून दृश्यांवर पुन्हा काम झालं. 16 जूनला चित्रपट आला, तेव्हा लोकांचा राग दृश्यांपेक्षा हनुमानाच्या तोंडी घातलेल्या गल्लीतल्या भाषेवर होता. प्रदर्शनानंतर काही दिवसांतच ते संवाद बदलून नव्या प्रती थिएटरांत पाठवाव्या लागल्या.

अडीच महिन्यांनी, 31 ऑगस्ट 2023 रोजी, नेटफ्लिक्सवर ‘वन पीस’ आली. 1997पासून ही मांगा काढणारे एइइचिरो ओदा या मालिकेचे निर्माते म्हणून बसले होते आणि आपलं समाधान झाल्याशिवाय ती दाखवली जाणार नाही, हे त्यांनी वाचकांना पत्र लिहून कळवलं होतं. काही दृश्यं त्यांच्या म्हणण्यावरून पुन्हा चित्रित झाली. लुफी या नायकाची भूमिका इन्याकी गोदोय या मेक्सिकन मुलाने केली. लुफी खराच असता तर ब्राझीलचा असता, असं ओदा पूर्वीच एका वाचकाला म्हणाले होते, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरून फारसा वाद झाला नाही. त्याचं हसणं, त्याचा भाबडा हट्ट आणि मित्रांवरचा विश्वास लुफीचा होता. दोन आठवड्यांतच दुसरा भाग जाहीर झाला.

साको यांचा राम मात्र चित्रगृहांत रीतसर पोचायला 24 जानेवारी 2025 उजाडावं लागलं. नव्या स्वच्छ प्रतीत, हिंदी, तमिळ आणि तेलुगू ध्वनिमुद्रणासह तो देशभर लागला. लहानपणी टीव्हीवर तो पाहिलेली पिढी तोवर आपल्या मुलांना सोबत नेण्याच्या वयाची झाली होती.