गारवा आणि ओल

माझा पहिला कवितासंग्रह कोल्हापुरातल्या एका लहानशा छापखान्यात छापला गेला. तो ऐन जुलैचा महिना होता. आतली पानं झाली, पण दोन रंगांचं मुखपृष्ठ अडलं. आज निळा रंग छापावा आणि उद्या लाल चढवावा, तर दोन्ही एकमेकांशी जुळेनात. मालक म्हणाले, "कागद ओल पितोय. गणपती होऊ द्यात, मग बघू." पुस्तक दोन महिने लांबलं. मी कोल्हापूरच्या पावसाला मनातल्या मनात बरंच बोललो.

नेमकी हीच अडचण १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलीन भागातल्या एका छापखान्याला आली होती. उन्हाळ्याच्या दमट हवेत कागद फुगे, आकसे आणि रंग सरकत. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरकडे हे काम आलं. त्याने थंड नळ्यांवरून हवा खेळवली. हवेतलं पाणी नळ्यांवर जमून ठिबकलं आणि हवा कोरडी झाली. आपण ज्याला घरोघर 'एसी' म्हणतो, त्याचा जन्म हा असा झाला. माणसाला गारवा मिळावा म्हणून नव्हे, तर कागदाला ओल लागू नये म्हणून!

'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ साली अमेरिकेतल्याच स्टुअर्ट क्रॅमर यांनी रूढ केला. त्यांचं काम कापडगिरण्यांतलं. तिथे उलट हवेत ओल सोडावी लागे, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना हे सांगायला नको. योगायोग असा, की त्याच १९०६ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला होता.

हा इतिहास मी हौसेने वाचला नाही. घरच्या अडचणीने वाचायला लावला. माझ्या अम्माला दम्याचा त्रास आहे. तिची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तिची तगमग बघवेना, म्हणून एसी घेतला. दुकानदार म्हणाला, "मोठाच घ्या." मीही विचार न करता दोन टनांचा घेतला. एप्रिल बरा गेला. मग वळीव पडू लागला, उकाडा चिकट झाला आणि अम्मा म्हणू लागली, "गार हाय रं पोरा, पर समदं वलंवलं लागतंय." जूनमध्ये कपाटामागे बुरशी दिसली. तिचा खोकला वाढला. विजेचं बिल तर विचारूच नका. जे तिच्या श्वासासाठी आणलं, तेच तिच्या श्वासावर उठलं होतं.

दुरुस्तीला आलेल्या पोराने खोलीवरून एक नजर टाकली. "काका, खोली दहा बाय बाराची आणि यंत्र हॉलचं. ते दहा मिनिटांत गार करतंय आणि बंद पडतंय. पाणी काढायला त्याला सवडच मिळत नाही."

या 'टना'ची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. यंत्रं येण्याआधी गारवा बर्फाच्या रूपाने जहाजातून येई. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने अमेरिकेतून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन शिल्लक राहिला. एसीचा टन त्या बर्फाच्या काळातलाच. अमेरिकी टनभर, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढं काम करणारं यंत्र एक टनाचं. म्हणजे अम्माच्या छोट्या खोलीत मी रोज दोन टन बर्फाची व्यवस्था करून ठेवली होती.

दमट हवेत गारवा महाग का पडतो, हेही तेव्हा कळलं. हवेतल्या एक लिटर वाफेचं पाणी व्हायचं, तर सुमारे दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता यंत्राला बाहेर फेकावी लागते. खोलीचं तापमान त्याने अंशभरही उतरत नाही. दमट हवेत वाळ्याच्या ताट्या आणि कूलर हात टेकतात, त्याचं कारणही ओलच. कोरड्या हवेत पाणी उडून गारवा देतं. आधीच पाणी प्यायलेली हवा आणखी किती पिणार?

आपल्या जुन्या लोकांकडे यंत्र नव्हतं, म्हणून त्यांनी उष्णता दारातच अडवली. वाड्यांच्या जाड भिंती, कौलांखालचा माळा, पुढचा सोपा, मधला चौक ही सारी त्याचीच तजवीज. पन्हाळ्यावरच्या अंधारबावेच्या पायऱ्या भर उन्हात उतरून बघा, दगड आणि जमीन मिळून काय करतात ते अंगाला कळेल. आपण स्लॅब घातला, पश्चिमेला मोठ्या काचा लावल्या आणि मग ती उष्णता उपसायला वीज जाळू लागलो.

आम्ही आधी घर सुधारलं. स्लॅबवर पांढरा चुना मारला, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावली, दाराखालची फट बुजवली. पावसाळ्यात खोलीत दोरीवर वाळत टाकलेले कपडे बाहेर काढले. ती ओलही यंत्रालाच उपसावी लागत होती. मोठा एसी देऊन एक टनाचा इन्व्हर्टर घेतला. तो सारखा बंद-चालू न होता संथ चालत राहतो, म्हणून पाणी काढतो. तापमान २६ वर, सोबत छताचा पंखा मंद, आणि जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची.

सरकारनेही हळूहळू हेच शिकवलं आहे. विजेच्या बचतीचे तारे २००६ साली आले, एसीवर ते २०१० पासून सक्तीचे झाले. १ जानेवारी २०२० पासून तारे असलेला नवा एसी चालू होताना आपोआप २४ अंशांवर यावा, असा नियम झाला. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. मात्र तारे विजेचा हिशेब सांगतात. आपल्या खोलीला किती टन हवेत, हे आपणच बघायचं.

यंदा कपाटामागे बुरशी नाही. एसीच्या नळीखाली अम्माने बादली ठेवली आहे. दमट रात्रीनंतर सकाळी त्यात चार-पाच लिटर पाणी असतं. ती ते कुंड्यांना घालते आणि म्हणते, "एवढं पाणी माझ्या छातीत जात हुतं व्हय रं?" मला उत्तर सुचत नाही. मी नुसती बादली उचलून देतो.